तात्याचे तीन दगड

धोकटीत तीन दगड होते.
एक कुरुंदाचा, खरखरीत, भद्रकालीच्या बाजारातून आणलेला.
दुसरा आपल्या गंगेचाच,
सोमेश्वराच्या खालच्या डोहातून उचललेला, काळा,
दोन उन्हाळे फरशीवर घासून तात्याने सपाट केलेला.
तिसरा पिवळसर, साबणाच्या झिजल्या वडीएवढा,
देवळाली कॅम्पातल्या कुणा साहेबाच्या न्हाव्याने
आजोबांना उधारीपोटी दिलेला.
त्याला हात लावायच्या आधी
तात्या हात धुवायचा.

"लावतात ती मेंदी," म्हणायचा,
"धार पाजायची असते."
पाण्याचे चार थेंब.
हळूहळू दगडावर गढूळ साय धरायची
आणि तिच्यातून वस्तरा चालायचा,
पाठ नि धार दोन्ही टेकवून;
टोकाशी आला की पाठीवरूनच वळायचा,
झोपलेलं पोर कूस बदलतं तसा.

कुरुंदावर आवाज यायचा
तव्यावर उलथनं खरवडल्याचा.
काळ्यावर नुसती कुजबुज.
पिवळ्यावर काहीच नाही.
तेव्हाच तात्या कान जवळ न्यायचा.

कापतो तर तिन्हींचा,
मग फरक काय पडतो, मी विचारलं.
सतरावं सरत होतं, लव नुकती राठ झालेली.
तो बोलला नाही. मला पाटावर बसवलं.
उजवा गाल काळ्या दगडाच्या धारेने,
डावा पिवळ्याच्या.
दुपारी मालेगाव स्टँडवर उसाचा रस पिताना
उजवा गाल चुरचुरत होता, लिंबू लागावं तसा.
संध्याकाळी तात्याने विचारलं, आणि डावा?
डावा मी विसरूनच गेलो होतो.
"हां," तो म्हणाला,
आणि वाटीतलं पाणी तुळशीत ओतून आला.

रामकुंडावर त्याच्यासमोर बसायचे ते
बहुतेक कुणाला तरी पोचवून आलेले.
चोपडा, येवला, कुठून कुठून,
रात्रभराच्या एसटीत आखडलेल्या माना.
पाणी चोळताना तात्या नाव विचारायचा नाही,
गाव विचारायचा.

पण फार पाजू नकोस, हेही त्याचंच.
फार पाजलं की धारेला मिशी फुटते,
डोळ्याला दिसत नाही,
अंगठ्याच्या नखाला अडकते.
पहिल्या केसाला चकाकते, दुसऱ्याला मोडते.
मग उलट हाताने दोनदा, श्वासाएवढ्या वजनाने,
तिची हजामत करायची.

पुढे अर्ध्या ब्लेडचे दिवस आले.
पाकीट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत फाडायचं,
वापरलेलं पातं डब्यात टाकायचं.
बरोबरच होतं ते. तात्याही नाही म्हणाला नाही.
नुसता पिवळा दगड
धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

त्याच्या दहाव्याला सहादूने माझं डोकं केलं.
नवं कोरं ब्लेड, सहादूचा हात चांगला,
तरी दिवसभर टाळू चुरचुरली.
कुणाला सांगणार.

महिन्याने धोकटी उघडली.
काळ्या दगडाच्या मधोमध
इतका खळगा की त्यात चिमूटभर तपकीर मावेल.
मला वाटलं, दुरुस्त करू.
न्हाणीच्या फरशीवर वाळू टाकून
तीन रात्री घासला, पट्टी ठेवून पाहिला,
एकदम सरळ झाला.
वस्तऱ्याच्या धारेला मार्करने काळं फासलं,
दोन हात फिरवले.
पोटापाशी शाई गेली. टाच काळी. शेंडा काळा.

चाळीस वर्षांत वस्तरा खळग्याएवढा वाकला होता
की खळगा वस्तऱ्याएवढा,
आता विचारायचं कुणाला?
आता मनगट थोडं उचलावं लागतं,
टाचेकडून शेंड्याकडे, होडी डुलवल्यासारखं.
तीन दिवसांत दोनदा बोट कापलं.
चौथ्या दिवशी जमलं थोडंसं.

पिवळ्याला वाळू लावली नाही.
त्याच्या मधोमधही तसाच खोलगा आहे,
आणि मोजून पाहिलं मी,
चार थेंब राहतात त्यात,
पाचवा ओघळतो.